पडणाऱ्याचा चेहरा

वाळवंटाकडचा वारा रात्रीच सुटला होता. ऑक्टोबरात तो असाच येतो; कोरडा, तापलेला, कुणी भट्टीचं दार उघडं टाकून गेल्यासारखा. सकाळी चॅट्सवर्थच्या टेकड्या धुळीत बुडाल्या होत्या आणि ओरिन स्टिडमच्या तबेल्यामागच्या निलगिरीच्या साली सुटून पत्र्यावर खडखडत होत्या. ओरिन वाकून, घोडीचा मागचा खूर मांडीवर घेऊन त्यातली माती टोकरत होता.

घोडीचं नाव क्लोव्हर. लगामाला डावीकडं एक ठरावीक हिसका बसला की भरधाव पळता पळता अंग टाकायचं, हे तिला शिकवलेलं. गोळी लागल्यासारखं पडायचं, धुरळा बसला की उठून अंग झाडायचं आणि गाजर मागायचं. तिनं आणि ओरिननं मिळून कित्येक वर्षं हाच धंदा केला. आता तिचे गुडघे गेले होते, त्याची कंबर गेली होती, आणि सकाळी उठताना दोघंही सारखीच कण्हत.

"ओरिन, फोन हाय," त्याच्या बायकोनं, झेलानं, स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारली. "स्टुडिओतली ती बाई."

हाक मारताना तिनं पाण्याच्या पिंपाकडं बघितलं होतं. ओरिन पिंपापाशी नव्हताच. तो घोडीमागं होता, लख्ख उन्हात. त्याच्या ते ध्यानात आलं. त्यानं खूर खाली सोडला, हात विजारीला पुसले आणि तिच्या बाजूनं आत गेला.

झेलाला साखरेचा आजार होता. रोज सकाळी ओरिन इंजेक्शनची काचेची नळी आणि सुई पातेल्यात उकळायचा आणि तिच्या दंडात औषध टोचायचा, त्याला बरीच वर्षं झाली होती. ऑगस्टात तिला सुईत दोरा घालता येईना, तेव्हा तो तिला डॉक्टरकडं घेऊन गेला. डोळ्यांच्या मागं रक्त उतरतंय, त्यावर इलाज नाही, वसंत येईतो उजेड-अंधार तेवढा कळेल, असं डॉक्टरनं सांगितलं. परतीच्या वाटेवर ट्रकात झेला संत्र्याच्या बागा तोडून नवी घरं उठताहेत त्याबद्दल बडबडत राहिली. घरी आल्यावर टोपी खुंटीला लावताना मात्र म्हणाली, "एकडाव तुजं तोंड बगायचंय मला. पडद्यावर."

"हितं रोज बगतीस की."

"हितलं माजं हाय. ते कुटं जातंय. जगानं बगितलेलं बगायचंय."

जगानं ओरिनचं तोंड कधी बघितलंच नव्हतं.

ओक्लाहोमात दुष्काळानं शेतातली माती आभाळात उडाली त्या साली ही दोघं इकडं आली. एक खडखडता ट्रक, नवी नवरी आणि एक खोगीर. तेव्हा हॉलिवुडात गॉवर रस्त्याच्या कोपऱ्यावर, औषधाच्या दुकानाबाहेर, ओरिनसारखे कितीतरी गडी ताटकळत उभे असत. सिनेमावाल्यांची गाडी यायची, आतला माणूस काच खाली करून विचारायचा, घोड्यावरून पडता कुणाला येतं? ओरिन लहानपणापासून घोड्यावरून पडत आला होता. त्याची मजुरी मिळते, हे तेवढं नवीन होतं.

धंद्यातली मुख्य गोष्ट त्याला बर्ल मॅकॅडूनं शिकवली. बर्लही ओक्लाहोमाचाच, दोन पावसाळे आधी आलेला, म्हणून स्वतःला गुरू समजणारा. "तोंड दावायचं न्हाई," तो म्हणाला होता. "एकडाव तुजं तोंड बगणाऱ्याच्या ध्यानात बसलं की मेलास त्यो मेलासच. दुपारच्याला दुसऱ्या टोळीत घालता येत न्हाई मग तुला. टोपी खाली, मान खाली, कॅमेऱ्याकडं पाठ. असं केलंस तर सकाळी मरशील, दुपारी मरशील, सांजच्याला परत मरशील. पोटाला कमी पडायचं न्हाई."

ओरिन ते शिकला, आणि असं शिकला की पुढं त्याला आठवावं लागेना. कॅमेरा फिरू लागल्याची घरघर कानावर आली की त्याची मान आपोआप झुके, टोपीची कड नाकापर्यंत उतरे. पापणी मिटावी तसं. सकाळी तो चोरांचा पाठलाग करणाऱ्यांत असे, दुपारी टोपी बदलून चोरांत. एका सिनेमात तर त्यानं स्वतःलाच गोळी घालून स्वतःच दरीत पडून दाखवलं होतं, आणि ते कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. पडद्यावर पुढं झळकणारे देखणे गडी आले, म्हातारे झाले, नवे आले. सिनेमे आटले, तर टीव्हीवर दर आठवड्याला नव्या गोष्टी सुरू झाल्या आणि मरणं उलट वाढली. ओरिनचा चेहरा कोराच राहिला. त्या कोऱ्या चेहऱ्यावरच घरातली चूल पेटत राहिली.

झेला त्याला पाठीवरून ओळखायची. थिएटरात शेजारणीला कोपर मारून सांगायची, तो बघ, डावीकडून तिसरा, आता पडतोय तो. शेजारची मॉडी ग्रिग्ज, जी चर्चमध्ये रविवारी तिच्याच बाकावर बसायची, तिनं याची चांगलीच थट्टा करून ठेवली होती. "झेला, तुज्या नवऱ्याला तोंड हाय का गं?" ती चारचौघींत विचारायची. "का लगीन बी पाठीशीच लावलंस?" सगळ्याजणी हसत, आणि सगळ्यांत मोठ्यानं झेला हसे. घरी आल्यावर मात्र भांडी जरा जास्त वाजत. ओरिन ते ऐकत असे.

तर त्या सकाळी फोनवरची बाई जे सांगत होती ते ओरिनला दोनदा ऐकावं लागलं. टीव्हीच्या एका भागात म्हातारा तबेलेवाला होता, त्याचं काम करणारा नट काविळीनं झोपला होता. दिग्दर्शक प्रेस्कॉट नावाचा तरणा माणूस, न्यूयॉर्कहून आलेला. त्यानं ओरिनला मागच्या महिन्यात कॉफीच्या गाडीपाशी उभं असलेलं बघितलं होतं आणि हाच चेहरा पाहिजे म्हणून हट्ट धरला होता. कुठंच न दिसलेला चेहरा आहे, हे तर फारच छान, असंही तो म्हणाला होता.

ओरिननं फोन ठेवला. "बोलायचं काम हाय," तो झेलाला म्हणाला. "जवळनं घेणार हायत. तोंड."

झेलानं पिठाचे हात वर धरले, आणि तशीच खुर्चीत बसली.

काम असं होतं. तबेलेवाल्याचा मुलगा दरोड्यात सापडतो, शेरीफ त्याला फाशी देतो. बाप गाडी जुंपून येतो आणि प्रेत मागतो. "त्याला घरी नेतो. त्याची आई वाट बघतेय." एवढं म्हणून त्यानं वर बघायचं, कॅमेरा त्याच्या तोंडावर थांबायचा, गोष्ट संपायची.

झेलानं तालीम घ्यायला घेतली. बिस्किटं कापायचं पत्र्याचं गोल कडं तिनं डाव्या डोळ्याला लावलं; त्या डोळ्यात अजून बरी धुगधुगी होती. "ह्यो कॅमेरा," ती म्हणाली. "बोल."

ओरिन चुलीपाशी उभा राहून बोलला. शेवटच्या शब्दाला मान खाली गेली.

"पडली."

"मला कळलंच न्हाई."

"मला कळलं. परत."

आठवडाभर हेच चाललं. बीन्स शिजताहेत, मक्याची भाकर भाजतेय, आणि बायको डोळ्याला कडं लावून उभी. ती तोंडानं कॅमेऱ्याची घरघरही काढायची, आणि तिथं दोघांनाही हसू फुटायचं. टोपीच काढून ठेव म्हणाली, तर ओरिन म्हणाला, ते दिग्दर्शकानं ठरवायचं असतं. शनिवारी मात्र ओरिन बोलला आणि त्यानं वर बघितलं. सरळ त्या कड्यातून तिच्या डोळ्यात. झेला बराच वेळ कडं धरून राहिली. हातभर अंतरावरून तिला तो अजून नीट दिसत होता.

"असा," ती म्हणाली. "अस्साच बग तितं."

चित्रीकरणाच्या दिवशी वारा पडला होता. जागा टेकड्यांमधल्या खडकांतली होती, आणि त्या खडकांमध्ये ओरिन इतक्या वेळा मेला होता की कुठल्या दगडाला कोपर घासतं हे त्याला पाठ होतं. बर्लला त्याच भागात घोड्यावरून पडायचं होतं. ज्यानं पडायचं त्यानं आपली जागा आपणच खणायची, हा या लोकांचा रिवाज; दुसऱ्यानं भुसभुशीत केलेल्या मातीवर कुणी अंग टाकत नाही. बर्ल खणत होता. ओरिननं सवयीनं दुसरं फावडं उचललं, तर कपडे सांभाळणारी बाई, ते मळतील म्हणून ओरडत आली.

"ठेव त्ये," बर्ल म्हणाला. "आज तू सायेब हायस. सायेब माती उकरत न्हाईत."

दुपारनंतर ओरिनची पाळी आली. प्रेस्कॉटनं शांतपणे समजावून सांगितलं. टोपी डोक्यावरच राहू द्या, म्हणजे वर बघाल तेव्हा कडेखालून चेहरा उजळत येईल. बंद कॅमेऱ्यापुढं ओरिननं दोनदा करून दाखवलं आणि दोन्ही वेळा वर बघितलं. प्रेस्कॉट मान डोलावत मागं सरकला. मग सगळे गप्प झाले आणि कॅमेऱ्याची घरघर सुरू झाली.

झेलाच्या तोंडची घरघर वेगळी होती. ही ती होती, जी ऐकून त्यानं अर्धं आयुष्य काढलं होतं. "त्याला घरी नेतो," ओरिन म्हणाला. आवाज बरोबर लागला, जरा चिरकलाच. "त्याची आई वाट बघतेय." कॅमेरा रुळांवरून पुढं आला, आणि ओरिनची मान झुकली. टोपीची कड उतरली, तोंडावर सावली पडली आणि तिथंच राहिली. मान पडताना त्याला कळली. वर उचलायची म्हणून त्यानं मानेला सांगितलंही. मान उचलली नाही.

"कट," प्रेस्कॉट उशिरा म्हणाला. तो जवळ आला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. "मिस्टर स्टिडम, मी तुम्हाला वर बघा म्हटलं होतं. माझं चुकलं. त्या बापाचं तोंड आपल्याला दिसताच कामा नये. हे कसं सुचलं तुम्हाला?"

"मी पुन्हा एकदा..." ओरिननं सुरुवात केली.

"छे, छे. याला आता हात लावायचा नाही."

साहाय्यकानं पुढची जागा पुकारली होती. ऊन खडकांमागं चाललं होतं, माणसं तारा गुंडाळू लागली होती. बर्ल अंगावरची माती झाडत आला आणि ओरिनच्या दंडाला धरून हलक्या आवाजात म्हणाला, की सांग त्याला. बायकोला बगायचंय म्हनून सांग, डोळं चालल्यात तिचं म्हनून सांग. माणूस वाईट दिसत नाही, करंल परत.

ओरिन तिथंच उभा राहिला. पडणाऱ्या माणसानं पुन्हा घ्या म्हणून मागायचं नसतं. मोडलेल्या बरगडीनिशीही त्यानं कधी काही मागितलं नव्हतं. प्रेस्कॉट चार पावलांवर होता, कुणाशी तरी त्याच्याचबद्दल कौतुकानं बोलत होता. मग तो गाडीत बसून पुढच्या जागी गेला.

"चांगलं झालं म्हनत्यात," ओरिन म्हणाला.

"त्यास्नी झालं," बर्ल म्हणाला.

घरी झेला दारात उभी होती. ट्रकचा आवाज ओळखून बाहेर आलेली. "बगितलंस का वर?" तिनं विचारलं.

"व्हय," ओरिन म्हणाला, आणि घोडीला पाणी दाखवायला गेला.

तो भाग जानेवारीत दिसणार होता. नोव्हेंबरात झेलाला घड्याळाचे काटे दिसेनासे झाले. नाताळच्या सुमाराला ती मीठ बोटानं चाचपून घालू लागली. डोळे वाचवायचे म्हणून ती दिवसाचे तास न् तास मिटूनच बसायची. जणू डब्यात उरलेलं पीठ आहे आणि ते सणापर्यंत पुरवायचं आहे. टीव्ही ती लावूच देत नसे. मॉडीला तिनं कधीच आमंत्रण देऊन ठेवलं होतं. ये म्हणाली, तोंड बघायला ये.

आणि ओरिन तबेल्यात एका सकाळी वैरण सोडवत असताना त्याच्या मनात आलं, की तो भाग दिसायच्या आधीच झेलाचे डोळे गेले तर बरं होईल. आलं ते अगदी साधं, पाऊस लवकर आला तर बरं होईल म्हणावं तसं. मग आपण काय मागितलं ते त्याला कळलं. त्यानं हातातला गवत उचलायचा काटा भिंतीला टेकवला आणि क्लोव्हरच्या मानेत तोंड खुपसून उभा राहिला. घोडी बिचारी हलली नाही. तिला वाटलं असेल, आता पडायचंय.

ज्या गुरुवारी तो भाग होता त्या दिवशी पावसाची बारीक झड लागली होती. दिवेलागणीला बर्ल आला, दाढी करून, गळ्यात रिबिनीचा टाय बांधून. मॉडी घरी भाजलेला ॲपल-पाय घेऊन आली आणि झेलासाठी वेगळे खारवलेले अक्रोड. "तुला नुसता वास," ती म्हणाली. झेला म्हणाली, वासानंच जाडी झालीय मी. तिनं निळा झगा घातला होता. खुर्ची टीव्हीच्या इतकी जवळ ओढली होती, की तिचे गुडघे पेटीला लागत होते. डावा डोळा कडेनं लावता यावा म्हणून मान तिरकी धरून ती बसली होती, कोंबडी दाण्याकडं बघते तशी.

गोष्ट सुरू झाली. बर्ल घोड्यावरून पडला तेव्हा मॉडीनं टाळी वाजवली आणि बर्लनं उठून मुजरा केला. ओरिन सगळ्यांच्या मागं, दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. सांगावं आत्ताच, त्याला वाटत होतं. अजून वेळ आहे. जाहिरात लागली, संपली, आणि वेळ नव्हता.

गाडी आली. म्हातारा तबेलेवाला उतरला. "त्याला घरी नेतो," ओरिनचा आवाज खोलीत भरला. झेलाचे हात मांडीवर घट्ट झाले. "त्याची आई वाट बघतेय." चित्र जवळ आलं, आणखी जवळ आलं, आणि पडदाभर टोपी उतरली. तिच्याखाली काळोख. मग संगीत वाजलं.

बर्ल आपल्या बुटांकडं बघत होता. पावसाचं पाणी पन्हळीतून पडत होतं ते ऐकू येत होतं.

"मॉडी," झेला म्हणाली. तिनं मान वळवली नाही. "दिसलं का गं तोंड?"

मॉडीनं वळून ओरिनकडं बघितलं. जन्मभर चिडवत आलेल्या त्या बाईनं त्याच्याकडं नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं, बहुतेक पहिल्यांदाच.

"दिसलं," ती म्हणाली.

"कसं दिसलं?"

"उन्हानं रापलेलं." मॉडी थांबत थांबत बोलू लागली, नजर ओरिनवरून न काढता. "डाव्या भिवईवर जुना वण हाय. गाल बसल्यात. डोळं... डोळं भरून आल्यात, पन सांडू दिलं न्हाईत. चांगलं तोंड हाय गं झेला. लई चांगलं. एवढं दिस उगं लपवून ठिवलं."

झेला हसली. "सांगत हुते न्हवं तुमास्नी," ती म्हणाली.

मग ॲपल-पाय वाटला गेला, कॉफी झाली. मॉडी पावसात शाल डोक्यावर घेऊन गेली. जाताना दारात तिनं ओरिनचा हात क्षणभर दाबला. बर्लही गेला. ओरिननं टीव्ही बंद केला. पडद्यावरचा उजेड आक्रसत एका ठिपक्याएवढा झाला आणि विझला, आणि झेला तो विझेपर्यंत तिकडंच तोंड करून होती.

"मॉडीला खोटं बोलाया कुनी शिकवलं?" ती म्हणाली.

ओरिन जागीच थांबला.

"वरनं अंधार उतरला, तेवडं दिसलं मला," झेला म्हणाली. "इतकी वर्सं त्योच बगितलाय. त्याला वळकायला डोळं लागत न्हाईत."

तो खाली, तिच्या खुर्चीपाशी, चटईवर बसला. मान आपोआप गेली, असं सांगितलं. घरघर ऐकली अन् गेली. पुन्हा मागायला हवं होतं, बर्ल म्हणत होता, तोंडातून शब्दच फुटला नाही. त्या दिवशी दारात खोटं बोललो. हे सगळं तो फरशीकडं बघून बोलला. एक गोष्ट तेवढी त्यानं सांगितली नाही, तबेल्यातली. ती त्याला कधीच सांगता येणार नव्हती.

झेला ऐकत राहिली. तिनं त्याला माफही केलं नाही आणि बोलही लावला नाही. दोघांच्या मध्ये जे होतं त्याला ते शब्द पुरले नसते.

"मला बगायचं हुतं रे," ती म्हणाली एवढंच. पुन्हा, हळू, "बगायचं हुतं."

तिनं चाचपून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. टोपी घरातही त्याच्या डोक्यावरच राहिली होती. तिनं ती काढली नाही. कडेवर बोटं ठेवून बसली, पावसाचा आवाज ऐकत.

बाहेर तबेल्यात काहीतरी आपटलं, मग पुन्हा आपटलं. क्लोव्हर बादलीला लाथ मारत होती. सगळ्या गडबडीत तिची संध्याकाळची वैरण राहिली होती.

"जा," झेला म्हणाली. "तिला कुनी सांगितलंय आज काय हाय त्ये."

ओरिन खुर्चीच्या हाताला धरून कण्हत उठला. दाराशी कंदील होता, तो त्यानं पेटवला. पावसातून तबेल्यापर्यंत गेला, काटा घेतला आणि गवताचा भारा सोडून घोडीपुढं टाकू लागला.